रेड सर्व्हरवर लिनक्स अडते तेव्हा

कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असल्याने सर्व्हरची मोठी कामे गुरुवारी सायंकाळी हाती घेणे सोयीचे ठरते. कुवेत ऑइल कंपनीचे मुख्यालय असलेल्या अहमदीत तेलउद्योगाला सेवा पुरवणाऱ्या एखाद्या कचेरीचा सर्व्हर आपण सांभाळत असाल, तर हिशेब सरळ आहे. हाती दोन दिवस आहेत आणि रविवारी सकाळी हजेरी, साठा व देयके यांची कामे सुरू व्हायलाच हवीत. अशा वेळी लिनक्सचा इन्स्टॉलर ‘एकही डिस्क आढळली नाही’ असे सांगतो आणि हात आपसूक कंट्रोलरच्या मेनूतील ‘इनिशियलाइझ’कडे वळतो. नेमके तेच टाळावयाचे असते. त्या आज्ञेने अ‍ॅरेवरील पार्टिशनची नोंद आणि तिच्यासह जुनी माहितीही हातची जाऊ शकते. मूळ अडचण मात्र तशीच राहते.

ही अडचण अलीकडे अधिक भेटते, त्याला कारण आहे. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आणि अनेकांना नव्या आवृत्तीकडे वळावे लागले. परंतु २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मधून कित्येक जुन्या रेड कंट्रोलरांचे ड्रायव्हर वगळले गेले होते, आणि त्याच पायावर उभ्या असलेल्या वितरणांकडेही ती उणीव आली. म्हणजे डिस्क धडधाकट, कंट्रोलर धडधाकट. फक्त नव्या कर्नलला त्याची ओळख उरलेली नाही.

म्हणून तपास खालून वर, पायरीपायरीने करावा.

पहिली पायरी कंट्रोलरची. सर्व्हर सुरू होताना त्याच्या मेनूत जाऊन आभासी डिस्कची स्थिती पाहावी. ‘ऑप्टिमल’ असेल तर पुढे जावे. ‘डिग्रेडेड’ असेल तर आधी खराब डिस्क बदलून पुनर्बांधणी पूर्ण होऊ द्यावी. रेड ५ एका डिस्कचे अपयश सोसते, रेड ६ दोन डिस्कचे. २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबाह येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलेल्या या देशात सर्व्हर-खोलीचे वातानुकूलन बंद पडले, तर एकाहून अधिक डिस्क एकदमच धोक्यात येतात, हे विसरू नये. ‘फॉरेन’ असे दिसल्यास डिस्कवरील रचना दुसऱ्या कंट्रोलरने केलेली आहे, असा अर्थ घ्यावा. तेथे ‘इम्पोर्ट’ आणि ‘क्लिअर’ असे दोन पर्याय असतात. माहिती हवी असेल तर ‘क्लिअर’ला हात लावू नये.

दुसरी पायरी ड्रायव्हरची. इन्स्टॉलर चालू असतानाच कंट्रोल, आल्ट आणि एफ२ दाबून दुसरा पडदा उघडावा. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेला ‘के’ हा पर्याय जोडला की प्रत्येक उपकरणापुढे वापरातील ड्रायव्हर दिसतो. कंट्रोलरचे नाव आहे, पण ड्रायव्हरची ओळ नाही, असे असेल तर निदान झाले. अशा वेळी ईएलरेपोसारख्या भांडारातून नेमक्या आवृत्तीची ड्रायव्हर-डिस्क घेऊन ती इन्स्टॉलरला द्यावी. आल्मालिनक्सने ९.४ पासून वगळलेल्या काही उपकरणांचा आधार परत आणला आहे. तोही मार्ग पाहावा.

तिसरी पायरी जुन्या खुणांची. ड्रायव्हर आहे, ‘एलएसबीएलके’मध्ये डिस्कही दिसतात, तरी इन्स्टॉलर त्या घेत नाही. बहुधा पूर्वीच्या रेडची नोंद डिस्कवर उरलेली असते. ‘वाइपएफएस’ नुसते चालवले तर ते खुणा दाखवते. पुसण्याचा पर्याय बॅकअप तपासल्यावरच वापरावा.

चौथी पायरी बूटची. स्थापना ‘यशस्वी’ होते, पण यंत्र उठत नाही. इन्स्टॉलर यूईएफआय पद्धतीने सुरू केला होता की जुन्या बायोस पद्धतीने, हे आधी तपासावे. दोन्हींत मेळ हवा. जुन्या एमबीआर नोंदीला ५१२ बाइटच्या सेक्टरांवर २ टेबिबाइटपलीकडची जागा मोजता येत नाही, म्हणून मोठ्या अ‍ॅरेसाठी जीपीटी घ्यावी. सॉफ्टवेअर रेड असेल तर फर्मवेअरला ते कळत नाही. बूटलोडर एकाच डिस्कवर ठेवला, तर ती डिस्क गेल्यावर उरलेली निरोगी डिस्कही सर्व्हर सुरू करू शकत नाही.

या सर्वांआधीची खबरदारी साधी आहे. शक्य असल्यास जुन्या डिस्क खाचेचा क्रमांक लिहून सर्व्हर बंद असताना बाहेर काढाव्यात आणि नवी स्थापना वेगळ्या डिस्कवर करावी. शनिवारी दुपारपर्यंत काम सुटले नाही, तर जुनी व्यवस्था परत उभी करण्याची वाट मोकळी राहते.

पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये बर्कलीहून मांडलेली रेडची कल्पना डिस्कच्या अपयशावरचा उपाय होती. माणसाने घाईत दाबलेल्या कळीवर तिच्याकडे उपाय नाही. चुकीची आज्ञा रेड सर्व डिस्कवर तितक्याच निष्ठेने पोहोचवते. त्यासाठी वेगळ्या ठिकाणी ठेवलेला आणि परत उतरवून पाहिलेला बॅकअपच लागतो.