शक्तीचे मोजमाप आणि हवेचा ताप

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते. हवा दाबली की ती तापते, हा निसर्गनियम त्यामागे आहे. टर्बोचार्जर बसवलेल्या मोटारीत हाच नियम मोठी अडचण निर्माण करतो आणि मोटारीची शक्ती यंत्रावर मोजताना ती अडचण विशेष स्पष्टपणे दिसून येते.

टर्बोचार्जरचे कार्य

इंधन जळण्यासाठी हवेतील ऑक्सिजन लागतो. इंजिनाकडून अधिक शक्ती हवी असेल, तर अधिक इंधन आणि ते जाळण्यास अधिक हवा पुरवावी लागते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंमध्ये बरीच ऊर्जा शिल्लक असते. एरवी ती सायलेन्सरवाटे वाया जाते. या ऊर्जेचा उपयोग करण्याच्या कल्पनेचे पेटंट स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युशी यांनी 1905 मध्ये घेतले. बाहेर जाणारे वायू एक पातेदार चक्र फिरवतात. त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा ओढून घेते, दाबते आणि इंजिनात ढकलते. या साधनाला टर्बोचार्जर म्हणतात.

समजा, बाहेरचे तापमान 30 अंश सेल्सिअस आहे आणि टर्बोचार्जरने हवेचा दाब दुप्पट केला. ही क्रिया आदर्श रीतीने झाली असती, तरी हवा सुमारे 96 अंशांपर्यंत तापली असती. यंत्राची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर ती सुमारे 125 अंशांवर पोहोचते. तापलेली हवा प्रसरण पावते, म्हणून तेवढ्याच जागेत ती वजनाने कमी मावते. दाबून मिळवलेला लाभ अशा रीतीने काही अंशी हातचा जातो.

यापेक्षा गंभीर धोका पेट्रोल इंजिनाला असतो. हवा फार गरम असेल, तर सिलिंडरमधील मिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटतो आणि इंजिनातून धातूवर ठोके पडल्यासारखा आवाज येतो. याला नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिले, तर पिस्टन फुटू किंवा वितळू शकतो.

अमेरिकेत 1962 मध्ये ओल्ड्समोबिल कंपनीने ‘जेटफायर’ ही टर्बोचार्जर असलेली मोटार विक्रीस आणली. नॉकिंग टाळण्यासाठी तिच्या इंजिनात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. त्याची वेगळी टाकी मालकाने वेळोवेळी भरावयाची असे. अनेक मालकांनी तिकडे दुर्लक्ष केले. टाकी रिकामी झाली की हवेचा दाब मर्यादित केला जाई आणि मोटारीचा जोर कमी होई. 1963 नंतर या मोटारीचे उत्पादन थांबले. ताप आवरण्याचा उपाय मालकाच्या आठवणीवर अवलंबून ठेवणे इष्ट नाही, हा धडा त्यातून मिळाला.

इंटरकूलरची योजना

पुढील काळातील मोटारींत टर्बोचार्जर आणि इंजिन यांच्या मध्ये इंटरकूलर बसवण्याची पद्धत रूढ झाली. तो रेडिएटरसारखा दिसतो व बहुधा मोटारीच्या पुढील भागी असतो. त्याच्या नळ्यांतून दाबलेली गरम हवा जाते आणि बाहेरील पातळ पत्र्यांच्या जाळीवरून समोरचा वारा वाहतो. या वाऱ्यामुळे 125 अंशांची हवा 50 अंशांवर आली, तर त्याच दाबाला तेवढ्याच जागेत सुमारे 23 टक्के अधिक हवा मावते.

हे काम सोपे नाही. दर सेकंदाला 100 ग्रॅम हवा 75 अंशांनी थंड करायची, तर सुमारे 7.5 किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. 2 किलोवॅटचे जवळजवळ चार गीझर एकदम चालू केल्यावर जेवढी उष्णता निर्माण होते, तेवढी ही उष्णता आहे. जाळी चिखलाने भरली किंवा नळीचा क्लँप सैल झाला, तरी शक्ती घटते. म्हणून जाळी मंद पाण्याने धुणे आणि नळ्यांचे जोड तपासणे, ही गॅरेजमधील कारागिराची महत्त्वाची कामे आहेत.

डायनामोमीटरवरील चाचणी

इंजिनाची शक्ती मोजण्यासाठी फ्रान्सचे प्रोनी यांनी 1821 मध्ये ब्रेकचा उपयोग केला. 1877 मध्ये इंग्लंडचे विल्यम फ्राउड यांनी पाण्याच्या रोधावर चालणारे यंत्र तयार केले. आजच्या गॅरेजमधील यंत्रात मोटारीची चाके जड रोलरांवर ठेवतात आणि मोटार पट्ट्यांनी घट्ट बांधतात. चाके फिरतात, मोटार मात्र जागेवरच राहते. यंत्र पीळबल आणि वेग मोजते. त्यांच्या गुणाकारावरून शक्ती ठरते. 4000 फेऱ्यांना 200 न्यूटन-मीटर पीळबल असेल, तर शक्ती सुमारे 84 किलोवॅट होते.

खरी अडचण येथेच उद्भवते. रस्त्यावर मोटारीचा वेग वाढतो, तसा इंटरकूलरवरील वाराही वाढतो. रोलरांवर चाके ताशी 140 किलोमीटर वेगाने फिरली, तरी समोरचा वारा शून्यच असतो. पुढे मोठा पंखा ठेवतात. पण त्याचा झोत रस्त्यावरील वाऱ्याची बरोबरी क्वचितच करतो. एकामागून एक फेऱ्या घेतल्या की इंटरकूलरचा धातूच तापून राहतो. पहिल्या फेरीत 50 अंशांची असलेली हवा तिसऱ्या फेरीत 70 अंशांवर गेली, तर इंजिनाला सुमारे 6 टक्के हवा कमी मिळते. शिवाय नॉकिंग टाळण्यासाठी संगणक ठिणगी उशिरा पाडतो, त्यामुळे शक्ती आणखी घटते.

अशा वेळी चुकीचा निष्कर्ष काढणे फार सोपे असते. तापलेल्या मोटारीची एक फेरी घेतली, मग तासभर काम करून नवा भाग बसवला आणि पुन्हा मोजणी केली, तर वाढलेल्या आकड्याचे श्रेय नव्या भागाला दिले जाते. प्रत्यक्षात त्या तासाभरात इंटरकूलर थंड झालेला असतो! गिऱ्हाईक मात्र त्या भागाचे पैसे मोजतो.

म्हणून काळजीपूर्वक चाचणी करणारा कारागीर प्रथम इंजिन नेहमीच्या तापमानावर आणतो. सर्व फेऱ्या एकाच गिअरमध्ये, टायरमध्ये सारखीच हवा भरून घेतो. प्रत्येक फेरीपूर्वी पंखा चालू ठेवून इंजिनात शिरणारी हवा ठरलेल्या तापमानावर येईपर्यंत थांबतो आणि ते तापमान आकड्याशेजारी लिहून ठेवतो. खोलीतील हवेचे तापमान आणि दाब यांनुसार आकडा दुरुस्त करण्याची सूत्रे आहेत. पण तापलेल्या इंटरकूलरचा दोष त्यांनी भरून निघत नाही. विषारी धूर नळीने बाहेर सोडणे आणि पट्टे पुनःपुन्हा तपासणे, हेही त्याच शिस्तीचे भाग आहेत. मोठ्या प्रमाणावरील अशा चाचण्यांची सोय पुण्यात 1966 मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत आहे.

कागदावरील सर्वांत मोठा आकडा हा चाचणीचा उद्देश नव्हे. तो आकडा कोणत्या परिस्थितीत मिळाला, हे ज्याला सांगता येते, त्याचेच मोजमाप विश्वासार्ह ठरते. त्या विश्वासावर इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते आणि कारागिराची पतही.