ग्लुटामेट ग्राही

ग्लुटामेट ग्राही : तंत्रिका कोशिकांच्या पटलातील ज्या प्रथिनांशी ग्लुटामेट हा रासायनिक प्रेषक बद्ध होतो व ज्यांच्याद्वारे पुढील कोशिकेत संदेश उमटतो, त्या प्रथिनांना ग्लुटामेट ग्राही म्हणतात. ग्लुटामेट हे ग्लुटामिक अम्लाचे आयनरूप असून सस्तन प्राण्यांच्या मेंदूतील ते प्रमुख उद्दीपक प्रेषक आहे. हे अम्ल के. एच. रिटहाउझेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६६ मध्ये गव्हातील ग्लुटेनपासून वेगळे केले. प्रथिनांचा हा सामान्य घटक संदेशवहनही करीत असेल, ही कल्पना मात्र पुष्कळ उशिरा मान्य झाली.

संदेशवहन : दोन तंत्रिका कोशिकांच्या संधिस्थानास अनुबंधन म्हणतात. तेथे दोहोंमध्ये अतिसूक्ष्म फट असते. विद्युत् आवेग पहिल्या कोशिकेच्या अक्षतंतूच्या टोकाशी पोहोचताच तेथील पुटिकांमधून ग्लुटामेट फटीत सोडले जाते व समोरच्या ग्राहींशी बद्ध होते. त्याचे विघटन करणारे एंझाइम फटीत नसते. मुख्यतः शेजारच्या आधारकोशिका ते वाहक प्रथिनांच्या साहाय्याने शोषून घेतात आणि संदेश संपतो.

प्रकार : या ग्राहींचे दोन मुख्य वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील ग्राही स्वतःच आयनमार्ग असतात. त्यांचे एएमपीए, कायनेट व एनएमडीए हे प्रमुख प्रकार त्यांना उद्दीपित करणाऱ्या संयुगांवरून ओळखले जातात. दुसऱ्या वर्गातील आठ ग्राही जी-प्रथिनांमार्फत मंद गतीने कार्य करतात. त्यांपैकी काही प्रेषकाचे उत्सर्जन कमी करून संदेशास आवर घालतात.

एएमपीए ग्राही क्षणार्धात उघडतात व सोडियम आयन आत येऊन कोशिका उद्दीपित होते. एनएमडीए ग्राहीचे कार्य वेगळे आहे. त्याचा मार्ग एरवी मॅग्नेशियम आयनाने रोखलेला असतो, हे १९८४ मध्ये आढळून आले. ग्लुटामेट व ग्लायसीन (किंवा डी-सेरीन) बद्ध झाले, तरी कोशिका आधीच पुरेशी उद्दीपित असल्याखेरीज हा अडसर दूर होत नाही. त्यामुळे संदेश देणारी व घेणारी अशा दोन्ही कोशिका एकाच वेळी क्रियाशील असतील, तरच कॅल्शियम आयन आत शिरतात.

स्मृतीशी संबंध : आत आलेल्या कॅल्शियममुळे काही एंझाइमे कार्यान्वित होऊन अनुबंधनात अधिक एएमपीए ग्राही बसविले जातात व ते अनुबंधन बळकट होते. कॅल्शियमची वाढ अल्प व दीर्घकाळ असल्यास उलट ग्राही काढून घेतले जातात. अनुबंधनाचे असे दीर्घकालीन बलवर्धन टी. ब्लिस व टी. लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूतील हिप्पोकँपस या भागात दाखविले. एनएमडीए ग्राही रोखल्यास उंदरांना जागा लक्षात ठेवणे कठीण जाते, असे १९८६ मध्ये दिसून आले. शिकणे व स्मृती यांचा हा एक महत्त्वाचा आधार मानला जातो.

अतिउद्दीपन : हेच ग्राही प्रमाणाबाहेर उद्दीपित झाल्यास कोशिकांचा नाश होतो. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाला म्हणजे ऊर्जेअभावी ग्लुटामेट शोषले जात नाही. ते साचून कॅल्शियमचा लोंढा आत येतो व कोशिका मरतात. लाखेच्या (खेसारी) डाळीवर दीर्घकाळ गुजराण करणाऱ्यांचे पाय ताठरून लुळे पडतात. या विकारास कारणीभूत मानले जाणारे ॲमिनो अम्ल १९६४ मध्ये बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत वेगळे करण्यात आले. त्याची रचना ग्लुटामेटसारखी असून ते एएमपीए ग्राहींना उद्दीपित करते.

उपचार : केटामीन हे भूल देणारे औषध व अल्झायमर रोगात दिले जाणारे मेमँटीन एनएमडीए ग्राहींना रोखतात, पेरॅम्पॅनेल हे अपस्मारावरील औषध एएमपीए ग्राहींवर कार्य करते. पक्षाघातात एनएमडीए ग्राही रोखून मेंदू वाचविण्याचे प्रयोग प्राण्यांत आशादायक ठरले. परंतु मानवी चाचण्यांत अपयशी झाले. हानी बहुधा उपचारापूर्वीच झालेली असते आणि निरोगी भागासही हेच ग्राही आवश्यक असतात. म्हणून त्यांचे कार्य बंद न पाडता केवळ अतिरेक आवरणे, हे या क्षेत्रातील संशोधनाचे उद्दिष्ट आहे.