केस गळतात तेव्हा विचारायचा चौथा प्रश्न

वाचकहो, या सदरासाठी सर्वांत जास्त पत्रे कशाबद्दल येतात, असे कुणी विचारले तर मी सांगेन, केसांबद्दल. मधुमेह आणि रक्तदाब त्यानंतर. ‘आंघोळ केली की मोरीची जाळी केसांनी भरते’, ‘तेल कोणते लावू’, ‘लग्न ठरायचे आहे, काहीतरी सुचवा’ असा मजकूर असतो. एका ताईंनी तर कंगव्यातले केस पाकिटात घालून पाठवले होते. त्यांची काळजी मी समजू शकतो. पोटातले दुखणे लपवता येते, डोक्यावरचे लपत नाही.

आज या विषयावर सविस्तर लिहितो. त्यात माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे, कारण तिच्यातून मिळालेला धडा वाचकांच्या उपयोगाचा आहे.

गळणे किती स्वाभाविक?

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून नवा केस येतो. कडुलिंबाची पानगळ वर्षातून एकदा होते, डोक्यावरची रोज थोडी थोडी चालू असते. दिवसाला ५० ते १०० केस जाणे हा आजार नव्हे. ज्या दिवशी डोके धुतो त्या दिवशी थोडे जास्त दिसतात, इतकेच.

त्यापेक्षा जास्त गळू लागले तर डॉक्टर सहसा तीन प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न, कधीपासून? विषमज्वर, डेंग्यू, मोठे ऑपरेशन किंवा बाळंतपण झाले की त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भरपूर गळतात. तोवर माणूस तो ताप विसरलेला असतो आणि दोष शांपूला देतो. हे गळणे बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते.

दुसरा प्रश्न, कुठले? रुपयाएवढा गुळगुळीत गोल चट्टा पडला तर ती चाई. लहान मुलाच्या डोक्यात खाज, खपल्या आणि तुटके केस असतील तर गजकर्ण. पुरुषांचे कपाळावरून व टाळूवरून मागे हटणारे केस बहुतेक वेळा वडिलोपार्जित असतात. बायकांमध्ये भांग रुंद होत जातो.

तिसरा प्रश्न, सोबत काय? थकवा, धाप, पाळीत जास्त रक्तस्राव असेल तर हिमोग्लोबिन तपासावे. वजन वाढणे, थंडी सहन न होणे, आवाज घोगरा होणे अशी लक्षणे असतील तर थायरॉइड तपासावे. आपल्या भागात केस गळणाऱ्या कितीतरी बायकांचे खरे दुखणे रक्तक्षय हेच असते. त्यांना तेलाची नव्हे, लोहाच्या गोळ्यांची गरज असते.

हे तीन प्रश्न मी तीस वर्षे विचारत आलो. चौथा प्रश्न विचारायचे मात्र मला सुचले नाही.

डिसेंबरअखेरचा तो रुग्ण

माझा दवाखाना खामगावला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून एक शेतकरी आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला घेऊन आला. मुलीने डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. बाप म्हणाला, ‘डाक्टरसाहेब, तेल बदललं नाई, शांपू बदलला नाई, आन् पोरीचे केस मुठीनं हाती येऊन रायले.’ ओढणी काढली तेव्हा टाळूचा मोठा भाग उघडा पडला होता. चार दिवसांत एवढे झाले, असे ती सांगत होती. डोक्याला खाज होती, थोडा तापही येऊन गेला होता.

खाज म्हटल्यावर मी बुरशीवरचे मलम व गोळ्या लिहिल्या आणि शांपू बंद करायला सांगितले. निघताना बाप दारातून म्हणाला, ‘आमच्या शेजारच्या बाईचेबी असेच चालले वो.’ मी ‘बरं, त्यांनाही पाठवा’ म्हणालो आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

वाचकहो, सारे निदान त्या एका वाक्यात होते. बुरशीने चार दिवसांत टक्कल पडत नाही. वडिलोपार्जित कारण दोन घरांत एकाच आठवड्यात उगवत नाही. मी चौथा प्रश्न विचारायला हवा होता: ‘आणखी कुणाचे?’

पुढे काय झाले ते जिल्ह्याला ठाऊक आहे. जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांची नावे देशभरच्या वर्तमानपत्रांत आली. १८ गावांतल्या सुमारे २७९ जणांचे केस गेले. पुरुष, बायका, मुले सारेच त्यात होते. आरोग्य खात्याची पथके आली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तज्ज्ञ आले. आधी बुरशीचा संशय घेतला गेला, मग पाण्याचा.

पाण्याचा संशय स्वाभाविक होता. हा खारपाणपट्टा आहे, आणि तपासणीत पाण्यात क्षार व नायट्रेटही जास्त निघाले. पण खारे पाणी इथल्या लोकांच्या आजोबा-पणजोबांनीही प्यायले. त्याने शरीराची इतर हानी होते, मात्र गावेच्या गावे चार दिवसांत टकली झाल्याचे कुणी ऐकले नव्हते. कारण नवे हवे होते आणि ते अनेक घरांत एकाच वेळी शिरलेले हवे होते.

गव्हातले सेलेनियम

विंचूदंशावरील उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या गावांत येऊन रक्त, लघवी, केस आणि गव्हाचे नमुने तपासून घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. रेशनवर मिळालेल्या गव्हात सेलेनियम हे मूलद्रव्य स्थानिक गव्हाच्या ६०० पट होते. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेले आणि जस्त कमी झालेले आढळले. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आला होता, असे त्यांनी सांगितले. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी काही जमिनींत सेलेनियम जास्त असल्याची नोंद जुनी आहे. जमिनीतले सेलेनियम पीक शोषून घेते आणि ते दाण्यात उतरते.

सेलेनियम हे मुळात विष नव्हे. थायरॉइडच्या कामासाठी ते लागते, पण दिवसाला जेमतेम ४० ते ५५ मायक्रोग्रॅम. रोज ४०० मायक्रोग्रॅमच्या वर गेले की धोका सुरू होतो. डॉ. बावस्करांच्या तपासणीत गव्हाच्या एका किलोत १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. माणूस दिवसाला पाव किलो गव्हाच्या पोळ्या खातो असे धरले, तर साडेतीन मिलिग्रॅमच्या वर सेलेनियम पोटात जाते. ते मर्यादेच्या नऊ पट होते. तोच गहू धुऊन तपासला तेव्हा प्रमाण १३.६१ भरले. म्हणजे धुऊन फारसा फरक पडला नाही, कारण ते दाण्यावर नव्हते, दाण्याच्या आत होते.

आता केसच का जातात? केस आणि नखे ज्या प्रथिनाची बनतात, त्याला बळकटी गंधकाच्या जोडांमुळे येते. सेलेनियम हे गंधकाचे जवळचे भावंड. ते जास्त झाले की गंधकाच्या जागी जाऊन बसते, पण तो जोड कच्चा राहतो. सिमेंटऐवजी माती भरून रचलेल्या भिंतीसारखे हे आहे. केस मुळाशीच निसटतो. नख सावकाश वाढते म्हणून त्याचा परिणाम उशिरा दिसतो. एप्रिल २०२५ मध्ये याच गावांतल्या काही लोकांची नखे वाकडी होऊन गळू लागली, ती याच क्रमाने.

असे जगात पूर्वीही घडले आहे. चीनच्या एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांचे केस आणि नखे गेली, तेव्हा कारण जमिनीतून पिकात उतरलेले सेलेनियमच होते. अमेरिकेत २००८ साली एका शक्तिवर्धक औषधात चुकून ते लेबलवर लिहिल्यापेक्षा २०० पट पडले आणि सुमारे २०० लोक आजारी झाले.

काय करावे, काय करू नये

केस गळू लागले तर आधी घरात, शेजारी आणि गावात विचारा, आणखी कुणाचे? दोन-तीन घरांतून होकार आला तर तेल-शांपूवर पैसे घालवू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. घरात जे धान्य चालू आहे, त्यातले किलोभर स्वच्छ पिशवीत बांधून त्यावर तारीख आणि दुकानाचे नाव लिहून ठेवा. ते धान्य फेकून दिले किंवा संपवून टाकले, तर तपासायला काहीच उरत नाही. निकाल येईपर्यंत शक्य असेल तर ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा घरचा गहू खा.

रेशनचा गहू घेऊ नका, असे मी मुळीच म्हणत नाही. लाखो कुटुंबे त्यावर जगतात आणि ती वर्षानुवर्षे तो खात आली आहेत. दोष त्या त्या खेपेचा असतो. खेप वेळेवर ओळखता आली पाहिजे.

केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत सेलेनियम असते. लेबल वाचा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका. दोन प्रकारच्या गोळ्या एकत्र तर घेऊच नका. कोंड्यासाठीच्या सेलेनियमच्या शांपूला मात्र घाबरू नका. धडधाकट त्वचेतून ते अंगात फारसे मुरत नाही. सांगितल्याप्रमाणे वापरावा आणि डोके नीट धुवावे.

शेवटची गोष्ट औषधाची नाही. त्या दिवसांत या गावांतल्या मुलींनी कॉलेजात जाणे सोडले, ठरलेली लग्ने मोडली. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतच नाही. त्यांचा दोष एवढाच, की घरात आलेल्या गव्हाची पोळी त्यांनी खाल्ली.

ती मुलगी मार्चमध्ये पुन्हा आली. डोक्यावर बोटभर केस आले होते आणि ओढणी खांद्यावर होती. मी तिच्या वडिलांना म्हणालो, ‘त्या दिवशी तुमचं शेवटचं वाक्य मी ऐकायला हवं होतं.’ ते म्हणाले, ‘आता आयका म्हंजे झालं.’ तेव्हापासून दारातून जाणाऱ्या रुग्णाला मी पुन्हा हाक मारतो आणि विचारतो, ‘आणखी काही सांगायचं राहिलं का?’

आपल्या शंका नेहमीप्रमाणे वृत्तपत्राच्या पत्त्यावर पाठवाव्यात. कंगव्यातले केस मात्र कृपया पाठवू नयेत.