वॉट गेले कुठे?

घरी बांधलेला ट्रान्सीव्हर : भाग सातवा

गेल्या आठवड्यात आपला ४० मीटरचा बिटेक्स ऐकू लागला. आता पीटीटी दाबायची वेळ. इथे बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण अपेक्षा सहा वॉटची असते आणि मीटरवर जेमतेम एक दिसतो. मग कोणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन प्रीसेट फिरवत सुटतो, तर कोणी नवा मॉसफेट आणायला तपकीर गल्ली गाठतो. दोन्हींची घाई नको. आधी मोजमाप.

पहिला संशय मोजण्यावरच घ्या. अँटेना काढून ठेवा. एक किलोओहमचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहमचा डमी लोड तयार होतो. प्रत्येकी एक वॉटचे घेतले तर सगळे मिळून वीस वॉट सोसतात. कार्बन किंवा मेटल फिल्मच घ्या. वायरवाउंड नको, कारण त्यातली गुंडाळलेली तार या फ्रिक्वेन्सीला कॉइलसारखी वागते. लोडवर एक डायोड आणि एक कपॅसिटर लावून मल्टिमीटरने शिखर व्होल्टेज मोजा, डायोडमधली घट म्हणून ०.६ मिळवा, वर्ग करा आणि शंभराने भागा. २४.५ व्होल्ट आले तर सहा वॉट मिळाले. हा एसएसबीचा संच आहे, त्यामुळे गप्प बसलात तर मीटर शून्यच दाखवणार. माइकसमोर एकसंध शिटी वाजवा.

शिटी चालू असतानाच बोर्डावरचा पुरवठा मोजा. बारा व्होल्टचा अडॅप्टर लोडखाली साडेदहावर आला तर सहा वॉटचे साडेचारच्या आसपास उरतात, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. बारीक वायरही एवढी घट करू शकते.

आता अ‍ॅमीटर. या लेखाचा सगळा भर त्यावरच आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणकडचे बरेच वाचक मेन्टेनन्समध्ये आहेत आणि गुरुवारच्या सुट्टीला सोल्डरिंग आयर्न हाती घेतात. त्यांना हे वेगळं सांगायला नको. मोटार का ओढत नाही हे पाहायला ते आधी क्लॅम्प मीटर लावतात, मोटार उघडतात नंतर. आपल्याकडे शेवटच्या मॉसफेटचा पुरवठा वेगळा काढून त्यात अ‍ॅमीटर घाला आणि शिटी न वाजवता पीटीटी दाबा.

करंट शून्यच राहिला तर दोष बायसमध्ये आहे. आयआरएफ५१०चं गेट दोन ते चार व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी उघडतं आणि प्रत्येक नगाचा आकडा वेगळा असतो. म्हणून प्रीसेट पूर्ण खाली ठेवून सुरुवात करा आणि १०० मिलिअ‍ॅम्पिअरपर्यंत हळूहळू चढवा. आकडा एकदम उसळला तर लगेच बंद करा. या मॉसफेटचा धातूचा पाठपत्रा आतून ड्रेनला जोडलेला असतो. तो आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाची चकती नसेल आणि हीटसिंक चासीला टेकलं असेल तर सरळ शॉर्ट होतो.

विश्रांतीचा करंट बरोबर आहे, पण शिटी वाजवूनही काटा शंभरावरून हलत नाही? मग ड्राइव्ह गेटपर्यंत पोचत नाही. इथे एक घोळ वारंवार होतो. दुकानात ५१० नसला की ‘हा मोठा आहे, चालेल’ म्हणून आयआरएफ५४० पुढे केला जातो. जास्त अ‍ॅम्पिअर सोसतो हे खरं, पण ५१०च्या गेटची कपॅसिटन्स १८० पिकोफॅरडच्या आसपास, तर ५४०ची १७०० च्या घरात. आपला छोटा ड्रायव्हर ७ मेगाहर्ट्झला तेवढं गेट हलवू शकत नाही. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटेक्सची मांडणी सहज मिळणाऱ्या स्वस्त भागांवर केली. स्विचिंगसाठी बनलेला ५१० रेडिओत चालतो, तो या हलक्या गेटमुळेच.

मॉसफेट बरोबर असेल तर ड्रायव्हरचा टोरॉइड भिंगाखाली धरा. एनॅमल नीट खरवडलं नसेल तर सोल्डर तारेभोवती छान चकाकतं, आत मात्र जोड झालेलाच नसतो. मल्टिमीटरची टोकं पॅडवर नव्हे, तर मूळ तारेवर लावून तपासा.

तिसरी शक्यता सगळ्यात फसवी आहे. करंट अ‍ॅम्पिअरच्या जवळ चढतो, हीटसिंक चटका देतं आणि लोडवर मात्र एक वॉट. बारा वॉट आत गेले आणि बाहेर आले नाहीत, म्हणजे वाट आउटपुट ट्रान्सफॉर्मर किंवा लो पास फिल्टरमध्ये अडली आहे. फिल्टरचे कपॅसिटर वाचा. ४७१ म्हणजे ४७० पिकोफॅरड आणि ४७० म्हणजे फक्त ४७. पुडीतून घाईत उचलताना ही अदलाबदल हमखास होते. मग टोरॉइडचे वेढे मोजा. तार भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे, बाहेरून दिसणारे नव्हेत. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे दहाऐवजी अकरा झाले तरी तो एकवीस टक्क्यांनी वाढतो.

फिल्टर वगळून, डमी लोडवर, एकदा मोजून पाहायला हरकत नाही. फक्त तो आकडा खरा मानू नका, कारण त्यात १४ आणि २१ मेगाहर्ट्झचे हार्मोनिक्सही मिसळलेले असतात. त्या अवस्थेत अँटेना लावलीत तर ते दुसऱ्या पट्ट्यांत जातील. फिल्टर परत बसवा आणि पुन्हा मोजा. अँटेना जोडणं आणि एसडब्ल्यूआर पाहणं पुढच्या भागात.