कांद्याने फिट थांबत नाही

वाशी किंवा नेरुळच्या फलाटावर कुणाला फिट आली की भोवती कोंडाळं जमतं. कुणी चप्पल नाकाशी धरतं, कुणी कांदा शोधायला धावतं, कुणी दातांत चमचा सरकवायला बघतं. थोड्या वेळाने झटके थांबतात आणि श्रेय कांद्याला मिळतं. खरं तर बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआपच थांबतात. त्या वेळात मेंदूतल्या असंख्य चेतापेशी एकदम, एकाच तालात विद्युतसंदेश सोडत असतात. कांद्याच्या वासाने त्या आवरत नाहीत, आणि बाहेरच्या बाधेचा तर इथे प्रश्नच येत नाही. चमच्याने मात्र दात तुटतो किंवा श्वास अडकतो. अशा माणसाला कुशीवर वळवावं, जवळच्या टणक वस्तू हलवाव्यात, घड्याळ बघावं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर 108 ला फोन लावावा.

चेतापेशींचे हे संदेश विजेच्या वेगाने धावतात, असं आपण सहज म्हणून जातो. तसं नसतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1850 मध्ये बेडकाच्या मज्जातंतूत हा वेग मोजला, तो सेकंदाला सुमारे 27 मीटर भरला. माणसातले सर्वांत वेगवान तंतू 120 मीटरपर्यंत जातात, तर जळजळीची वेदना नेणारे बारीक तंतू सेकंदाला जेमतेम एक मीटर. पायाचं बोट उंबऱ्याला आपटल्यावर आधी ठेच कळते आणि ठणका क्षणभराने येतो, तो यामुळेच. चेतापेशीला संदेश घेणाऱ्या फांद्या असतात, त्या वृक्षिका; आणि संदेश पुढे नेणारा एक लांब धागा असतो, तो अक्षतंतू. कमरेजवळून पायाच्या बोटाकडे जाणारा अक्षतंतू जवळजवळ मीटरभर लांब भरतो, आणि तो एकाच पेशीचा भाग असतो.

आपण मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो, हेही खोटं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला हा अवयव आपली वीस टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के भाग निजलेला असता तर एवढा खर्च शरीराने सोसला नसता.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा गैरसमज वेगळाच आहे. मेंदू म्हणजे चेतापेशी, असं आपण धरून चालतो. माणसाच्या मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी आहेत आणि जवळपास तितक्याच इतर पेशी, त्यांतल्या बहुसंख्य ग्लिया. एकोणिसाव्या शतकात जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ फिरशो यांनी त्यांना चेतापेशींना चिकटवून ठेवणारा गोंद मानलं, आणि ते मत फार काळ टिकलं. पण या पेशी नुसत्या चिकटून बसलेल्या नसतात. तारकापेशी चेतापेशींभोवतालच्या क्षारांचं आणि रसायनांचं प्रमाण सांभाळतात. मायक्रोग्लिया जंतू आणि मेलेल्या पेशींचा फडशा पाडतात. काही ग्लिया अक्षतंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण गुंडाळतात, आणि त्यामुळेच संदेशाला वेग येतो.

ग्लिया बिघडल्या तर काय होतं, हे खारघरला जाऊन आलेल्या कुटुंबांना चांगलं माहीत असतं. टाटा स्मारक केंद्राच्या तिथल्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या संस्थेत मेंदूच्या गाठींवर उपचारही होतात आणि संशोधनही. ‘फार विचार केला, डोक्याला ताण दिला, म्हणून गाठ झाली’ असं नातेवाईक हळहळून बोलतात. त्यात तथ्य नाही. मोठेपणी चेतापेशी जवळजवळ विभागतच नाहीत. गाठ होते ती विभागू शकणाऱ्या पेशींची. म्हणून प्रौढांच्या मेंदूतच सुरू होणाऱ्या घातक गाठी बहुतेक ग्लियांच्या किंवा त्यांच्या पूर्वपेशींच्या असतात. लहान मुलांचं गणित निराळं. त्यांच्या अनुमस्तिष्कात, म्हणजे लहान मेंदूत, अपरिपक्व पेशींपासून मेड्युलोब्लास्टोमा नावाची गाठ होऊ शकते. या गाठीचे चार मुख्य रेणवीय गट आहेत आणि प्रत्येकाची वागणूक वेगळी. मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्यावरून गट ओळखणारी चाचणी डॉ. नीलम शिरसाट यांच्या खारघरच्या प्रयोगशाळेने विकसित केली आणि 2013 मध्ये प्रसिद्ध केली. कोणत्या मुलाला तीव्र उपचार हवेत आणि कोणाला सौम्य पुरतील, हे ठरवायला अशा चाचणीची मदत होते.

आता पाठीतल्या पाण्याची तपासणी. तिची लोकांना फार भीती वाटते. मूल तापाने फणफणलंय, मान ताठ झालीय, डॉक्टरांना मेंदूज्वराची शंका आहे, आणि आजी म्हणते, ‘पाणी काढलं तर पोराचे पाय जातील.’ मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. सुई जाते ती त्याच्या खाली, साधारण तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या मधून. लहान बाळात रज्जू थोडा खालपर्यंत असतो, म्हणून सुईही आणखी खालून घालतात. तिथे द्रवात पाण्यातल्या शेवयांसारखी मज्जातंतूंची मुळं तरंगत असतात, ती सुईपासून बाजूला सरकतात. शरीर हा द्रव दिवसाला सुमारे अर्धा लिटर नव्याने तयार करतं आणि तपासणीला लागतात मोजके मिलिलिटर. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, हे खरं. मेंदूतला दाब वाढल्याची शंका असेल तर डॉक्टर आधी स्कॅन करतात. आजीची भीती मायेपोटी असते, पण तपासणी नाकारून लांबलेला मेंदूज्वर मुलाची श्रवणशक्ती किंवा जीव घेऊ शकतो.

पायाला मुंग्या आल्या की ‘रक्त पोचत नाही’ म्हणून मालिश सुरू होते. पायावर पाय टाकून बसल्याने येणाऱ्या मुंग्या तंतूवरच्या दाबाच्या असतात, उठल्यावर जातात. रोज, दोन्ही पायांना येत असतील तर रक्तातली साखर आणि बी-12 जीवनसत्त्व तपासा. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पाहणी केलेल्या पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांमध्ये बी-12 कमी आढळलं होतं. ते फार कमी झालं की मायलिनच झिजतं.

पक्षाघातातही तेल चोळण्यात वेळ जातो. उजवा हात लुळा पडला तरी बिघाड सहसा डाव्या मेंदूत असतो, कारण हालचालीचे मार्ग मेंदूच्या तळाशी एकमेकांना ओलांडतात. हाताला चोळून मेंदूतली गुठळी विरघळत नाही. मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहूनच. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा, लक्षणं सुरू झाल्याची वेळ लिहून घ्या आणि सीटी स्कॅन असलेल्या जवळच्या रुग्णालयात थेट जा.