विझलेली मेणबत्ती आणि पिवळे पुस्तक

स्थिरचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फळांची परडी नाही तर फुलदाणी उभी राहते. दिवाणखान्याला शोभा आणणारे, निरुपद्रवी चित्र! व्हिन्सेंट व्हॅन गॉगने ऑक्टोबर १८८५ मध्ये एका दिवसात रंगवलेले स्थिरचित्र मात्र तसे नाही. ते आज अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे.

त्यात आहे तरी काय? काळ्या पार्श्वभूमीवर उघडे ठेवलेले भलेथोरले बायबल, शेजारी विझलेली मेणबत्ती आणि पुढे टेबलाच्या कडेशी, हाताळून जीर्ण झालेले एक पिवळे पुस्तक. बस्स.

बायबल वडिलांचे. ते प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक. त्याच वर्षी मार्चमध्ये वारलेले. पिवळे पुस्तक म्हणजे एमिल झोलाची कादंबरी. नाव ‘जगण्याचा आनंद’ अशा अर्थाचे. असल्या पुस्तकांवरून बापलेकांचे वाजत असे. आपल्या हाती फ्रेंच पुस्तक दिसले की वडिलांना जाळपोळ करणारे आणि खुनीच आठवतात, अशी तक्रार व्हिन्सेंटने १८८१ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात केली होती.

तेव्हा अर्थ उघड दिसतो. बायबल म्हणजे बाप, कादंबरी म्हणजे लेक. मेणबत्ती विझली, जुने गेले. सतराव्या शतकातील डच चित्रकारांनीही विझलेली वात मृत्यूची खूण म्हणून रंगवली आहेच. वर्गात ‘प्रतीक’ हा शब्द उच्चारला की आमचे विद्यार्थी अशीच समीकरणे भराभर वहीत उतरवतात!

पण जरा जवळ जाऊन पाहा. बायबलचा मजकूर म्हणजे नुसते कुंचल्याचे फटकारे. वाचता येते ते शीर्षक: यशया, अध्याय त्रेपन्नावा. लोकांनी तुच्छ लेखलेल्या, परक्यांची दुःखे शिरावर घेणाऱ्या सेवकाचा हा अध्याय. आणि कादंबरी? नाव आनंदाचे खरे. पण तिची नायिका पोलिन ही पोरकी मुलगी, आश्रय देणाऱ्या घरासाठी पैसा, प्रेम, सारे वेचून बसणारी. म्हणजे दोन्ही पुस्तकांचा जीव एकाच दुःखात! आणखी एक गंमत अशी की, बायबल डच, पण चित्रातले शीर्षक लेकाने फ्रेंचमध्ये लिहिले आहे. ही खोडी की जवळीक? मला तरी जवळीक वाटते. भांडण मिटवायला समोर माणूस उरला नव्हता. दोघांची पुस्तके तेवढी एका टेबलावर ठेवता आली.

म्हणूनच या चित्रातला अंधार नुसत्या सुतकाचा वाटत नाही. मेणबत्ती विझली आहे, तरी पाने उजळलेली आहेत, आणि त्या काळोखात लिंबाच्या रंगाचे ते लहानसे पुस्तक डोळ्यांत भरते.

पुढच्याच महिन्यात व्हिन्सेंटने हॉलंड सोडले. तो तिथे पुन्हा परतला नाही.