झाकल्या मुठी

अँटिव्हायरसने तासभर संगणक पिंजून काढला आणि पडद्यावर हिरवी खूण आली: धोका आढळला नाही. पण खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते, ‘काही फाइल्स तपासता आल्या नाहीत.’ ती वाचून पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. व्हायरस नेमका तिथेच दडून बसला नसेल ना? बहुतेक वेळा तसे नसते. मला तर ही ओळ दाखवणारा अँटिव्हायरस अधिक भरवशाचा वाटतो. जे पाहिलेच नाही, ते पाहिले म्हणून तो सांगत नाही.

तपासणे म्हणजे मुळात वाचणे. अँटिव्हायरस फाइल उघडतो, तिच्यातले बाइट वाचतो आणि ठाऊक असलेल्या व्हायरसच्या खुणांशी ताडून पाहतो. फाइल उघडलीच नाही, किंवा उघडूनही वाचता आली नाही, तर ताडणार काय?

न उघडणाऱ्या फाइल्स बहुधा विंडोजच्या स्वतःच्याच असतात. रॅम अपुरी पडू लागली की तिच्यातला काही भाग ‘पेजफाइल’मध्ये हलवला जातो. संगणक हायबरनेट केला की रॅममधला पसारा ‘हायबरफिल’मध्ये लिहून ठेवला जातो. विंडोजमध्ये कुठलाही प्रोग्राम फाइल उघडतानाच बजावू शकतो, की माझे काम होईपर्यंत इतर कुणाला हिला हात लावू देऊ नका. पेजफाइल तर संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत अशीच विंडोजच्या मुठीत असते. ते योग्यच आहे. क्षणोक्षणी बदलणाऱ्या या फाइलमध्ये दुसऱ्या कुणी ढवळाढवळ केली, तर चालू असलेले प्रोग्राम कोसळतील. पेनड्राइव्हवरच्या वेगळ्या प्रणालीने संगणक सुरू केला, की विंडोज झोपलेली असते आणि हीच फाइल चारचौघींसारखी वाचता येते.

पासवर्डचे प्रकरण निराळे. ई-आधारची पीडीएफ उघडायला नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष द्यावे लागते, हे आपल्याला पाठ झाले आहे. अँटिव्हायरसला आपले जन्मवर्ष कुठून ठाऊक असणार? अशी फाइल तो उघडू शकतो, पण आतला मजकूर त्याला निरर्थक बाइटांची रास दिसतो. चांगल्या कूटलेखनाचे यश यातच आहे, की किल्ली नसलेल्या चोराला आणि किल्ली नसलेल्या पहारेकऱ्याला आत सारखेच दिसावे, म्हणजे काहीच दिसू नये.

हे व्हायरस लिहिणाऱ्यांच्याही ध्यानात आले. २००४ मध्ये ईमेलमधून पसरलेल्या ‘बेगल’च्या काही आवृत्त्या पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये येत आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहिलेला असे. अँटिव्हायरस कंपन्यांनी ईमेलचा मजकूर वाचून पासवर्ड उचलायला सुरुवात केली. त्यावर बेगलच्या पुढच्या आवृत्तीने पासवर्ड अक्षरांत न देता चित्रात दिला. माणसाला तो सहज वाचता येई, प्रोग्रामला नाही.

काही फाइल्स मात्र अँटिव्हायरस जाणूनबुजून अर्ध्यावर सोडतो. ‘४२ डॉट झिप’ ही फाइल जेमतेम ४२ किलोबाइटची. तिच्यात १६ झिप, त्या प्रत्येकीत पुन्हा १६, असे पाच थर उलगडत गेले की तळाशी दहा लाखांहून जास्त फाइल्स निघतात, प्रत्येकी सुमारे ४.३ गिगाबाइटच्या. एकूण ४.५ पेटाबाइट, एक टेराबाइटच्या साडेचार हजार हार्ड डिस्क भरतील एवढे. एकच बाइट पुन्हा पुन्हा लिहिला असेल, तर तो ‘इतक्या वेळा’ एवढेच नोंदवून पुरते. म्हणून हा डोंगर एवढ्याशा जागेत मावतो. भोळेपणाने तो उलगडत बसलेला अँटिव्हायरस संगणकाला सोबत घेऊन बुडेल. म्हणूनच किती थर खाली जायचे आणि किती मजकूर उलगडायचा, याच्या मर्यादा आधीच आखलेल्या असतात.

मग पासवर्डच्या झिपमध्ये खरोखरच व्हायरस असला तर? झिपमध्ये असेतोवर तो चालू शकत नाही. बेगललाही कुणीतरी पासवर्ड टाइप करून आतली फाइल चालवावी लागत होती. झिप उलगडली की ती फाइल कूटलेखनाशिवाय डिस्कवर लिहिली जाते, आणि सतत जागी असलेली ‘रिअल टाइम’ तपासणी तेव्हा ती वाचू शकते. संगणक मंद होतो म्हणून ज्यांनी ही तपासणी बंद करून ठेवली आहे, त्यांच्याकडे मात्र त्या क्षणी पाहायला कुणीच नसते.